दहापैकी तीन

लातूरला आत्याच्या घरामागं डाळ मिल होती. सकाळी ती सुरू झाली की दिवसभर एकाच सुरात घरघरत राहायची. भिंतीला पाठ टेकून बसलं की ती घरघर पाठीतून आत यायची, आणि जेवायला बसलं की वाटीतल्या वरणावर बारीक थरथर दिसायची. आत्याला, मामांना, घरातल्या कुणालाच ती ऐकू येत नव्हती. इतक्या वर्षांत त्यांच्या कानांनी तिला घरात घेतलेलं होतं. मला मात्र ती सोडायची नाही. पुस्तक उघडून बसले की पाय आपोआप हलायला लागायचे. मी उठायची, माठाकडं जायची, तहान नसताना पाणी प्यायची, जिन्यावर जायची, परत यायची. आत्या भाकरी थापता थापता म्हणायची, इमले, तुझ्या पायाला भिंगरी लागली का काय, एका जागी बूड टेकव की जरा. माझं नाव विमल, पण अर्धापूर ते लातूर मला त्या नावानं फक्त हजेरीलाच बोलावलं जायचं.

मी तिथं का होते, तर दहावीला मला चांगले मार्क पडले होते. आमच्याकडं दहावीला चांगले मार्क पडलेल्या लेकराला लातूरला पाठवायचं, सायन्सला घालायचं आणि क्लास लावायचा, याच्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. अजूनही वाटत नाही. माझ्या भावाची नात सध्या तिथंच आहे, तिला फोन केला की ती माझ्याशी बोलता बोलता उत्तरं पाठ करत असते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, अर्धापूरला केळी करायचे. घरची जमीन, पाण्याची सोय, सहा माणसांचं राबणं. त्यांनी स्वतः मला एसटीत घालून आत्याकडं आणून सोडलं होतं आणि जाताना आत्याला एवढंच म्हणाले होते की पोरगी हुशार हाय, पण ठरत न्हाई.

आत्याच्या घराला चार खोल्या. त्यातली एक तिनं मुलींना राहायला दिली होती. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आडतीवर मुनीम होते, ते बोलायचे कमी आणि जेवायचे सावकाश. पाण्याची बोंब तेव्हाही होती. टँकर आला की घरातली सगळी भांडी ओळीनं दारात. सकाळच्या न्याहारीला बहुतेक वेळा सुशीला. मुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, वर कांद्यामिरचीची फोडणी आणि दाण्याचं कूट. लातुरात हा पदार्थ ज्यानं खाल्ला नाही त्याला मी तो नीट सांगू शकणार नाही, पण आजही मला परीक्षेची भीती वाटते तेव्हा तोंडात तीच चव येते. रात्री भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची, आमटी आणि शेंगाची चटणी. अण्णा आले की केळीचे घड यायचे. ते पोत्यात गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवलेले असायचे आणि पिकायला लागले की सगळ्या खोलीला तो गोड, जड वास यायचा. त्या वासात रसायनशास्त्र वाचणं मला कधीच जमलं नाही.

खोलीतली दुसरी खाट अर्चनाची. ती नायगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरी शेती बेताची, भाऊ मोठा, तो रजिस्ट्री ऑफिसात लागलेला. अर्चना माझ्याच वर्गात होती, अंगानं बारीक, उंचीनं माझ्या खांद्याएवढी. कुणी बोलतं केलं तरच बोलायची. ती पुस्तक घेऊन बसली की दीड दीड तास हलायची नाही, आणि मला त्याचा राग यायचा. पण सकाळी उजाडायच्या सुमाराला ती उठायची, दोन वेण्या घट्ट बांधायची आणि निघून जायची. कुठं जातेस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, ग्राउंडवर. मी येऊ का, म्हटलं तर म्हणाली, ये की. मला घराबाहेर पडायला काहीही चाललं असतं. ती देवळात चालली असती तर मी देवळात गेले असते.

ग्राउंडवर माने सर होते. खेळाचे शिक्षक, गळ्यात शिट्टी, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट. मुलींची बेसबॉलची टीम नवीनच होती आणि सरांनी ती खो-खोतल्या आणि कबड्डीतल्या मुली फोडून जमवली होती. बेसबॉल म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातात बॅट दिली तर मी ती क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून उभी राहिले. सगळ्या हसल्या. मग सरांनी ती माझ्या खांद्यावर चढवली, पिचर मुलीनं चेंडू टाकला आणि मी तो मारला. कसा मारला ते मला माहीत नाही. चेंडू मैदानाच्या कडेच्या बाभळींपर्यंत गेला, आणि माझ्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत जे काही गेलं, ते गेल्यावर थोडा वेळ, अगदी थोडाच वेळ, माझे पाय शांत होते. दुसऱ्या दिवशी अर्चना उठायच्या आधी मी वेणी घालून तयार होते.

अर्चना शॉर्टस्टॉपला उभी राहायची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी. बेस म्हणजे चेंडू मारल्यावर पळत गाठायच्या ठरलेल्या जागा. बहुतेक जोरदार चेंडू तिकडंच येतात. ती खाली वाकून उभी असायची, आणि चेंडू बॅटला लागायच्या आत तिनं पहिलं पाऊल टाकलेलं असायचं. मी तिला कधी उडी मारून चेंडू अडवताना पाहिलं नाही. तिला उडी मारायची गरजच पडायची नाही, ती आधीच तिथं पोचलेली असायची. त्यामुळं बघणाऱ्याला वाटायचं, चेंडू सोपा होता.

तिसरं माणूस बिराजदार सर. हे निलंग्याकडचे, एका शाळेत गणित शिकवायचे आणि सामने असले की स्कोररच्या टेबलावर बसायचे. मी त्यांना पहिल्यांदा विचारलं की माझे रन किती झाले, तेव्हा ते म्हणाले, आधी डोक्यातलं क्रिकेट काढून बाहेर ठेव. मग त्यांनी मला बॅटिंग अ‍ॅव्हरेज समजावून सांगितलं, ते मी आयुष्यभर पोरापोरींना त्यांच्याच शब्दांत सांगत आले. क्रिकेटमध्ये रन मोजतात आणि बाद किती वेळा झाला त्यानं भागतात. इथं रन बाजूला. इथं फक्त एवढंच बघायचं की तू बॅट घेऊन किती वेळा खेळलीस आणि त्यातल्या किती वेळा स्वतःच्या मारानं बेसवर पोचलीस. पोचलीस ते हिट. हिटला खेळलेल्या वेळांनी भागायचं, दशांशानंतर तीन आकडे लिहायचे. दहा वेळा खेळलीस, तीन हिट, तर शून्य पूर्णांक तीनशे. बोलताना पुढचं शून्य सोडून द्यायचं आणि तीनशे म्हणायचं. आणि तीनशेवाली खेळाडू म्हणजे चांगली खेळाडू.

पण खेळलेली प्रत्येक वेळ धरायची नाही, हे त्यातलं खरं बारीक काम. पिचरनं चार बॉल वाईट टाकले, तू ते सोडलेस आणि चालत पहिल्या बेसवर गेलीस, तर ती वेळ धरायची नाही. हिटमध्येही नाही आणि भागाकारातही नाही, जणू तू खेळायला आलीच नव्हतीस. चेंडू अंगावर बसला तरी तसंच. पुढच्या मुलीला सरकवण्यासाठी मुद्दाम हलका चेंडू ठेवून स्वतः बाद झालीस, तरी तसंच. आणि तू मारलास, समोरच्या मुलीच्या हातात येणारा चेंडू तिनं सोडला आणि त्यामुळं तू वाचलीस, तर ती तिची चूक. तिला एरर म्हणतात. तू बेसवर उभी असशील, पण तुला हिट नाही, आणि ती वेळ मात्र धरायची. म्हणजे अ‍ॅव्हरेज खाली. मी विचारलं, तिनं सोडला की तिला घेताच आला नसता, हे कुणी ठरवायचं? ते म्हणाले, मी. साधारण खेळाडूला साधारण प्रयत्नात तो चेंडू घेता आला असता का, एवढंच मी बघतो. आला असता तर एरर, नसता तर हिट.

माझं अ‍ॅव्हरेज चांगलं होतं, पण माने सरांचा माझ्यावर विश्वास नव्हता. मी सगळंच मारायची. डोक्यावरून जाणारा, मातीत पडणारा, मला काही फरक नव्हता. सर म्हणायचे, इमले, तू एकदासुद्धा चालत पहिल्या बेसवर गेली न्हाईस, सोडायला शीक, सोडल्यानं काही कमी होत नाही. मला ते कळायचं. बिराजदार सरांचा भागाकार मी समजून घेतला होता. पण चेंडू पिचरच्या हातून सुटला की खांद्यावर बॅट घेऊन नुसतं उभं राहायचं, हे माझ्या अंगाला माहीतच नव्हतं.

क्लासमध्ये दर आठवड्याला चाचणी असायची आणि मार्क फळ्यावर लागायचे, सगळ्यांचे, वरपासून खालपर्यंत. मी हळूहळू खाली सरकत होते. बातमी आडतीवरून मामांना, मामांकडून अर्धापूरला गेली असावी, कारण एक दिवस अण्णा न कळवता आले. खांद्यावर केळीचा घड, अंगावर प्रवासाची धूळ. चहा झाला, आत्यानं पोहे केले. मग अण्णांनी मला समोर बसवलं आणि विचारलं की सकाळी उठून कुठं जातेस. मी सगळं सांगितलं. लपवावं असं मला वाटलं नाही, उलट मला वाटलं की त्यांना आवडेल. ते रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकणारे माणूस.

"मग त्याच्यात किती पडले तुला?" अण्णा म्हणाले.

"तीनशे पंधरा."

"कितीपैकी?"

"हजारापैकी धरा."

अण्णांनी बराच वेळ घडातलं एक केळं चाचपलं. "म्हंजे साडेएकतीस टक्के. पस्तीसला पास आसतंय, माय."

मी त्यांना समजावलं. दहातले तीन म्हणजे चांगलं, मोठमोठ्या देशांतले नावाजलेले खेळाडूही तिथंच असतात, दहातले चार कुणालाच वर्षभर जमत नाहीत. अण्णा ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा बदलत नव्हता. दहात सातदा चुकायचं आणि वर शाबासकी घ्यायची, असा खेळ त्यांच्या डोक्यात बसत नव्हता. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी विचारलं, ह्याची काही परीक्षा आसती का. मी म्हटलं, विभागाच्या टीमची निवड आहे, इथंच लातूरला, पुढच्या महिन्यात. तेव्हा ते म्हणाले, "तवा मी येतो. टीममधी तुझं नाव आलं तर मी समजंल की ह्यात काहीतरी हाय. न्हाई आलं तर मग बुकात डोकं घालायचं. मंजूर हाय का?"

मी हाव म्हटलं. त्या वयात मला हो म्हणायला वेळ लागत नसे.

निवडीला नांदेड, उदगीर, हिंगोली, उस्मानाबाद, सगळीकडच्या मुली आल्या. त्यांच्या सरमिसळ टीम पाडल्या. अर्चना एका टीममध्ये, मी दुसऱ्या. तिच्यासमोर खेळायची वेळ येईल हे माझ्या मनात आलंच नव्हतं. बॅटिंगसाठी निवडणारे अ‍ॅव्हरेज बघणार होते, बाकीच्यांचं त्यांनी डोळ्यांनी ठरवायचं होतं. शेवटच्या सामन्यापर्यंत मामला असा झाला की बॅटिंगची एक जागा उरली आणि तिच्यासाठी मी आणि उदगीरची एक उंच मुलगी. तिचं खेळून झालं होतं, तीनशे तेहतीसवर. माझेही नऊ वेळांत तीन हिट, म्हणजे तेही तीनशे तेहतीस. आणि माझी एक वेळ राहिली होती. मी तळहातावर पेननं भागाकार केला. हिट झाला तर दहात चार, चारशे. बाद झाले तर तीनशे. चार बॉल सोडून चालत गेले तर जिथं होते तिथंच, बरोबरीत, आणि मग निवडणाऱ्यांना दोघींना नीट बघावं लागलं असतं. घामानं ते आकडे पसरले तरी मी पुन्हा पुन्हा बघत होते. अण्णा बाभळीखाली उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

पिचर हिंगोलीची. तिचा हात थकला होता हे मला दिसत होतं. पहिला बॉल बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा मी मारायला गेले आणि हुकला, तो स्ट्राइक, म्हणजे माझ्या खात्यावर एक चूक. चौथा पुन्हा बाहेर. तीन वाईट बॉल झाले. आता एक वाईट चेंडू सोडला की मी चालत जाणार. माने सरांनी कडेवरून दोन्ही हातांनी खाली दाबल्यासारखी खूण केली. थांब. मी ती खूण पाहिली, मान हलवली. पुढचा चेंडू गुडघ्याच्या खाली आला, जरा बाहेर. तो वाईट होता. तो वाईट आहे हे मला तो अर्ध्या वाटेत असतानाच कळलं होतं, आणि माझी बॅट त्याच्याही आधी निघाली होती.

पण बसला चांगला. पिचरच्या डाव्या हाताजवळून, जमीन चाटत, दुसऱ्या बेसच्या मागं. मी पळत सुटले. पळता पळता डोळ्याच्या कोपऱ्यातून मला अर्चना दिसली. ती नेहमीसारखी आधीच निघाली होती, चेंडूच्या वाटेवर तिरकी पळत. तिनं हात लांब केला, चेंडू तिच्या ग्लोव्हच्या टोकाला लागला, उसळला आणि मागं गवतात गेला. मी पहिल्या बेसवर होते. आमच्या मुली ओरडत होत्या. मला वाटलं, झालं. चारशे. मी अण्णांकडं बघितलं, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण मुली ओरडतायत म्हणून त्यांनी टोपी डोक्यावर घातली होती.

टेबलावर बिराजदार सरांनी पेन उचललं होतं. त्यांच्या शेजारी निवड समितीचे एक गृहस्थ बसले होते, ते म्हणाले, हिटच आहे हा. सरांनीही मान हलवली असं माझ्या बाजूच्या मुलीनं मला नंतर सांगितलं. तेवढ्यात अर्चना आपली जागा सोडून टेबलाकडं चालत गेली. सामना थांबवून कुणी असं जात नाही. माझ्यापर्यंत तिचा आवाज स्पष्ट आला, कारण ती कधी मोठ्यानं बोलत नसे आणि तेव्हा बोलली.

"सर, तो माझा होता. माझ्याकडून सुटला."

बिराजदार सर म्हणाले, "तुझ्या हाताला लागला होता का?"

"लागला होता. मला घेता यायला पाहिजे होता."

सरांनी तिला शेकडो चेंडू घेताना पाहिलं होतं. मग त्यांनी एरर लिहिलं. दहात तीन. तीनशे.

उदगीरच्या मुलीची निवड झाली. शॉर्टस्टॉपला अर्चनाची निवड झाली, तिच्या त्या एका एररकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. नावं वाचून दाखवली तेव्हा मी बुटाची नाडी सोडत होते, बांधत होते, सोडत होते.

घरी जाताना अण्णा मध्ये, मी एका बाजूला, अर्चना दुसऱ्या बाजूला. आत्यानं आमचे चेहरे बघून सरळ ताटं घेतली. मी उठून जिन्यावर गेले, खाली आले, परत गेले. शेवटी खोलीत जाऊन दार लोटलं आणि अर्चनाला विचारलं की मी तुझं काय वाकडं केलं होतं. ती खाटेवर बसून बॅग भरत होती. तिनं हातातली घडी खाली ठेवली. ती म्हणाली की तुझ्याबद्दल माझ्या मनात काहीच नव्हतं, तू तिथं आहेस हेच मला त्या वेळी आठवलं नाही. हे ऐकून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, सर हिट लिहून राहिले होते, तुला गप्प बसायला काय झालं होतं?

"हिट लिहिला म्हंजे तो मला घेता येत न्हाई आसं लिहिलं," अर्चना म्हणाली. "तो मला येतो."

आजही कुणी मला सांगितलं की ती खोटी होती, मनात जळत होती, तर मी ते मानणार नाही. आणि ती खरी होती म्हणून माझा राग कमी झाला, असंही नाही. तिची खाट माझ्या खाटेपासून हातभर होती आणि आम्ही भिंतीकडं तोंडं करून झोपलो.

सकाळी अण्णांना एसटीवर सोडायला मी गेले. ठरल्याप्रमाणं आता काय होणार ते मला माहीत होतं आणि मी आधीच मनात उत्तरं जुळवत होते. अण्णा बाकावर बसले, मला बस म्हणाले. मी उभीच राहिले. त्यांनी अर्धापूरच्या गाडीची पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं की तो शेवटचा चेंडू मारायचा नव्हता ना. मला आश्चर्य वाटलं, कारण त्यांना हा खेळ कळत नव्हता. ते म्हणाले, तुझे सर हातानं खाली दाबत होते आणि तू मान हलवलीस, एवढं मला बी दिसतंय. मी म्हटलं, हाव, सोडायचा होता. गाडी लागली, लोक चढायला लागले, तेव्हा ते उठले.

"ही निवड परत कवा आसती?"

"वर्षानं."

"वर्षानं म्हंजे येतीच की." त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. "क्लास सोडायचा न्हाई. तुझ्या मामांना सांगतो, सकाळी तुला आडवू नका म्हणून."

ते खिडकीशी बसले आणि मी तिथंच उभी राहिले, गाडी निघाली तरी. त्यांनी मला माफ केलं की त्यांना माझी दया आली, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पण त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा सकाळी ग्राउंडवर येऊन बाभळीखाली उभे राहायचे आणि मी चेंडू सोडला की मान हलवायचे.

अर्चना टीमबरोबर गेली त्या दिवशी शॉर्टस्टॉपची जागा मोकळी पडली. सकाळी आम्ही चारपाच मुलीच उरलो होतो. माझ्या डोक्यात तो चेंडू फिरत होता, क्लासमध्ये, आंघोळ करताना, टँकरच्या रांगेत. मी माने सरांना म्हटलं, मी तिथं उभी राहते, तुम्ही तसाच चेंडू मारा, पिचरच्या बाजूनं, बेसच्या मागं. सरांनी विचारलं नाही का म्हणून. त्यांनी मारला. मी निघाले तोवर चेंडू गवतात होता. पुन्हा मारा, म्हटलं. पुन्हा गवतात. मी एक पाऊल त्या बाजूला सरकून उभी राहिले, मग दोन. मी लबाडी करून सर मारायच्या आधीच पळायला लागले. चेंडू माझ्या पुढून, चांगला हात दीड हात अंतरावरून निघून जायचा. ऊन चढलं. क्लासची वेळ झाली, टळून गेली. सरांचे हात दुखायला लागले असतील, पण ते मारत राहिले. माझ्यानंतर आमच्यातल्या सगळ्यात चपळ मुलीला, खो-खोतल्या पोरीला, उभं केलं. तिच्या हातालाही तो एकदाही लागला नाही.

मी सरांकडं गेले. मला धाप लागली होती. मी म्हटलं, सर, हा हिट आहे. हा कुणालाच येत नाही. सर म्हणाले, हो. मी म्हटलं, साधारण खेळाडूला साधारण प्रयत्नात, बिराजदार सरांनीच मला सांगितलं होतं. सर म्हणाले, हो, नियमानं तो हिटच होता, पण टेबलावर येऊन कुणी माझा होता म्हणाल्यावर बिराजदार तरी काय करणार. मग ते खाली बसले आणि बुटातले खडे झटकायला लागले. मी तिथं उन्हात उभी राहिले. माझा हिट गेला होता, माझी जागा गेली होती, आणि मी त्या वेळी त्याचा विचारच करत नव्हते. मी त्या दोन बेसमधल्या जागेकडं बघत होते आणि मला कळत नव्हतं की ती कधी निघाली असेल. बॅटला चेंडू लागायच्या आधी माणूस कसा निघतो.

पुढच्या वर्षी माझी निवड झाली, बारावीला मी जेमतेम पास झाले आणि नंतर खेळाची शिक्षिका म्हणून नांदेडला सगळी नोकरी काढली. आता अ‍ॅव्हरेज फोनच काढून देतो. पोरी मला तो दाखवतात, मॅडम, तीनशे चाळीस. मी त्यांना विचारते, सोडले किती? ते फोनमध्ये कुठं बघायचं हे त्यांना माहीत नसतं.

त्या वर्षी अर्चना आठवड्यानं परत आली. त्यांची टीम दुसऱ्याच फेरीत हरली होती. ती मागच्या अंगणात, टँकरच्या उरलेल्या पाण्यात, बुटांची माती काढत बसली होती. मिल चालू होती. आठवडाभर मनात धरून ठेवलेलं वाक्य मी उभ्या उभ्याच बोलले. मी म्हटलं, मी तुझ्या जागी उभी राहिले होते. शंभर चेंडू मारून घेतले. एकालाही हात लागला नाही. तो हिट होता, अर्चे.

तिनं बूट उलटा करून पाणी निथळू दिलं आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना हसू. मी काहीतरी विचारावं आणि तिनं त्याचा नीट विचार करावा, एवढंच.

"तुझ्यासाठी आसंल," ती म्हणाली.